एका सिलिंडरची गाडी आणि तिचा मिस्त्री

पुणतांब्यात उभे राहून वाहनांविषयी बोलावयाचे, तर पहिला मान चांगदेवांना दिला पाहिजे. गोदावरीच्या काठी त्यांची समाधी आहे आणि त्यांची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. वाघावर स्वार होऊन, हातात सापाचा चाबूक घेऊन चांगदेव निघाले. समोरून ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे भिंतीवर बसून आली. सजीवावर सत्ता चालविणाऱ्याने निर्जीवाला चालविणाऱ्यापुढे मान लवविली, असा त्या कथेचा अर्थ कीर्तनकार सांगतात. मी कीर्तनकार नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. कामगार संघटनेचे काम करता करता जे वाचता आले, विचारता आले, तेवढ्या शिदोरीवर मी आपल्यापुढे आलो आहे. परंतु ती कथा आठवली म्हणजे माझ्या मनात एक विचार येतो. निर्जीवाला चालविणारा माणूस आपल्या गावोगावी आजही आहे. त्याच्या नखांत काळे ऑइल असते, त्याला आपण मिस्त्री म्हणतो, आणि त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

आजचा विषय आहे बुलेट मोटारसायकल आणि तिची दुरुस्ती. विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडेल. व्याख्यानमालेत शिवकाल यावा, पेशवाई यावी, स्वातंत्र्यलढा यावा, फटफटी कशाला? माझे उत्तर असे की, कारखाना कोणी काढला हे आपण लिहून ठेवतो, पण त्यातून निघालेले यंत्र पन्नास वर्षे कोणी चालते ठेवले हे लिहीत नाही. इमारतीच्या कोनशिलेवर पाहुण्याचे नाव असते, गवंड्याचे नसते. तसाच हा प्रकार आहे.

प्रथम गाडीचे कूळ पाहू. इंग्लंडमध्ये रेडिच नावाचे गाव आहे. हे गाव शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध होते. सुया करणारे हात पुढे सायकली करू लागले, आणि त्यांतील एका कंपनीला लंडनजवळच्या एन्फिल्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्यासाठी सुटे भाग करण्याचे काम मिळाले. त्यावरून ‘रॉयल एन्फिल्ड’ हे नाव आले आणि तोफेचे चित्र हे तिचे चिन्ह झाले. एन्फिल्ड हे नाव आपल्या देशाला नवे नव्हते. १८५७ साली ज्या बंदुकीच्या काडतुसांवरून शिपाई बिथरले, ती बंदूक एन्फिल्डचीच. पुढे पोलिसांच्या खांद्यावरची ‘थ्री-नॉट-थ्री’ही त्याच नावाची. ज्या नावाने एकेकाळी राग पेटविला, त्याच नावाच्या गाडीला पुढे दसऱ्याला झेंडूची माळ पडू लागली. इतिहासाचे असे फेरे असतात.

या कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ सालची. ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली आले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांनी एका सिलिंडरच्या लष्करी गाड्यांचा रतीबच लावला होता, एकट्या बी.एस.ए. कंपनीची एम-२० ही गाडी सव्वा लाखाच्या आसपास तयार झाली. नॉर्टन, मॅचलेस, एरियल यांच्या गाड्याही युद्धावर गेल्या. खंदकातून, वाळूतून, चिखलातून जी गाडी चालावयाची आणि शिपायाला उघड्यावर दुरुस्त करता यावयाची, ती साधी असणे भागच होते. हा साधेपणा हे आपल्या कथेचे मूळ आहे.

स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी आपल्या सैन्याला दणकट मोटारसायकल हवी होती. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ३५० सी.सी.ची बुलेट निवडण्यात आली. १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. आरंभी सुटे भाग विलायतेतून येत आणि येथे जोडले जात. काही वर्षांत सगळेच भाग येथे तयार होऊ लागले. इकडे हे होत असता तिकडे मूळ घराला उतरती कळा लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, आणि १९७० साली इंग्लंडमधील उरलेसुरले कामही थांबले. आई गेली, लेक राहिली. १९७७ साली तर मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. बिडाच्या सिलिंडरचे ते जुने इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या सुमारापर्यंत निघत राहिले.

आता प्रश्न असा की, जी गाडी जन्मभूमीत टिकली नाही ती येथे आणखी चाळीस वर्षे कशी टिकली? परवाना पद्धतीमुळे स्पर्धा नव्हती, हे एक कारण आहे. त्या काळी बाजारात बुलेट, जावा आणि राजदूत अशा मोजक्याच मोटारसायकली होत्या आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. सैन्य आणि पोलीस ही कायमची गिऱ्हाइके होती, हे दुसरे कारण. ही दोन्ही कारणे खरी आहेत. पण ती गाडी विकली का गेली एवढेच सांगतात. विकलेली गाडी तीस-तीस वर्षे रस्त्यावर कशी राहिली, याचे उत्तर त्यांत नाही. ते उत्तर रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

ते समजण्यासाठी गाडी थोडी उघडून पाहिली पाहिजे. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला धावेने गुणले, तर ३४६ घन सेंटिमीटर येतात; तिला साडेतीनशेची म्हणतात ती यामुळे. धाव लांब, चक्र जड, म्हणून चाल संथ आणि ओढ दांडगी. इंजिन वेगळे, गिअरचा डबा वेगळा. एक दुखले तर दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. सिलिंडर झिजला तर तो लेथच्या दुकानात थोडा मोठा कातून घ्यावयाचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवावयाचा. याला ‘बोअर करणे’ म्हणतात. एकाच सिलिंडरला असा दोनतीनदा नवा जन्म देता येतो. पितळी बुश झिजला तर गावच्या टर्नरकडून नवा कातून घेता येतो. थोडक्यात, या गाडीत फेकून देण्यासारखे फारसे काही नव्हते आणि उघडता येणार नाही असे तर काहीच नव्हते.

तिला सुरू करणे हाच एक संस्कार होता. चावी फिरवावयाची आणि किक हळूहळू दाबीत अँपिअरच्या काट्याकडे पाहावयाचे. काटा एका बाजूला झुकलेला असतो. तो मधोमध आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन माथ्याजवळ आला असे समजावयाचे. मग डाव्या हाताची छोटी खिट्टी दाबून सिलिंडरमधली कोंडलेली हवा सोडावयाची, पिस्टन माथ्यावरून किंचित पुढे न्यावयाचा, खिट्टी सोडावयाची आणि मग सगळा भार टाकून एक किक. ज्याने घाई केली त्याला किक उलटी बसे आणि पोटरी आठ दिवस सुजे. ताकदीपेक्षा क्रमाला मान देणारे हे यंत्र होते.

दुरुस्तीचेही तसेच. पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. म्हणजे दाढीची चार पाती एकावर एक ठेवली तर होते साधारण तेवढी. ठिणगी कोणत्या क्षणी पडते हे पाहावयास मिस्त्रीजवळ महागडे उपकरण नसे. तो सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या चिमटीत धरी, इंजिन हळूहळू फिरवी, आणि कागद ज्या क्षणी अलगद सुटेल त्या क्षणी पिस्टन कोठे आहे ते पाही. टॅपेट लावावयाचे ते इंजिन थंड असताना: दांडी दोन बोटांत धरून फिरविली तर सहज फिरावी, पण वरखाली हलू नये. प्लग काढून त्याचा रंग पाहावयाचा. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, विटकरी असेल तर प्रकृती ठणठणीत. वैद्य जीभ पाहतो तसेच हे. आणि आतून आवाज येऊ लागला तर पेचकसाचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरावयाची. डॉक्टरची नळी आणि मिस्त्रीचा पेचकस यांत मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो समाजाने दिलेल्या खुर्चीत.

एक गंमत सांगतो. १९५६ साली आपल्या देशाने मेट्रिक मापांचा कायदा केला. शेर-मण गेले, कोस-मैल गेले. पण बुलेटचे कितीतरी नट-बोल्ट विलायती इंचांतच राहिले आणि काही नवे मिलिमीटरमध्ये आले. मिस्त्रीला पान्यांचे दोन संच बाळगावे लागले. राज्ये बदलतात, कायदे बदलतात. पण यंत्राच्या पोटात जुना काळ दडून बसतो, आणि तो हाताळण्याची तसदी शेवटी कामकऱ्यावर येते.

आता हा मिस्त्री शिकला कोठे? आपल्या भागापुरते बोलावयाचे तर त्याच्या तीन शाळा मला दिसतात. पहिली रेल्वे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि पुणतांबे त्या मार्गावर आले. कोळशाच्या इंजिनाबरोबर फिटर आला, खलाशी आला, पाना आला. दुसरी शाळा साखर कारखान्याची. बेलापूर भागात १९२० नंतर खाजगी कारखाना उभा राहिला. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या परिसरात सहकारी कारखाना सुरू झाला. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ असतो, वेल्डिंग असते, आणि गळीत संपल्यावर सगळी यंत्रे खोलून बसविण्याचे काम असते. पण कारखान्याचा कामगार मोठ्या संख्येने हंगामी. गळीत संपले की त्याला अर्धामुर्धा भत्ता किंवा तोही नाही. मग तोच फिटर उन्हाळ्यात कोणाची मोटारसायकल खोलतो. हंगामी मजुरीच्या अन्यायातून एक कारागिरी वाढली, हे सांगताना मला आनंद होत नाही. पण घडले तसे सांगितले पाहिजे.

तिसरी शाळा विहिरीवरची. मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली. साताऱ्याचे कूपर आणि १९४६ साली खडकीला सुरू झालेले किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांची यंत्रे मळ्यामळ्यांत पोहोचली. तेही एका सिलिंडरचे, जड चक्राचे, संथ ठोक्याचे. त्याला ठिणगी लागत नाही, बुलेटला लागते, एवढा भेद सोडला तर कान एकच लागतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मळ्यातल्या इंजिनाचा ठोका चुकला हे ज्याला कळे, त्याला बुलेट परकी वाटली नाही. ऊस आला, पैसा आला, आणि पाटलाच्या, डायरेक्टरच्या, दुधाच्या घाऊक व्यापाऱ्याच्या दारात बुलेट आली, तेव्हा तिला सांभाळणारे हात गावात आधीच तयार होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्र बाहेरून आले. त्याचे जगणे येथल्या ज्ञानावर झाले.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की मी जुन्या दिवसांचे गोडवे गातो आहे. तसे नाही. गोडवे गाणाऱ्यांना मी तीन गोष्टींची आठवण देईन.

पहिली, शरीराची. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे, आणि मिस्त्री ड्रम उघडून ती भुकटी तोंडाने फुंकून उडवी. पेट्रोलमध्ये शिसे असे. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री आपल्या देशात २००० साली थांबली. तोपर्यंत नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे आणि पेट्रोलने हात धुणे हा रोजचा पाठ होता. कोणाच्या छातीत काय गेले, याचे खाते कोणी ठेवले नाही.

दुसरी, पोऱ्याची. उस्ताद आणि शागीर्द ही जोडी आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. पण शागीर्द म्हणजे बहुधा दहा-बारा वर्षांचे पोर. पाने पुसावयाचे, चहा आणावयाचा, चुकले तर कानाखाली खावयाची, आणि मजुरी म्हणजे शनिवारी हातावर ठेवलेली चिल्लर. मी तरुणपणी एका गॅरेजात पाहिलेले दृश्य विसरलेलो नाही. उस्तादाने सिगारेटचा कागद पॉइंटमध्ये धरला तेव्हा पोऱ्या मान लांब करून पाहू लागला. उस्तादाने पाठ फिरवून आडोसा केला. विद्या चोरीला जाईल ही भीती! ज्याच्याजवळ जमीन नाही, पेन्शन नाही, त्याची विद्या हीच त्याची तिजोरी; म्हणून तो ती कुलपात ठेवतो. त्याला कृपण म्हणणे सोपे आहे. पण त्या कुलपामुळे पोऱ्या सहा महिन्यांचे काम सहा वर्षांत शिकला, हेही खरे. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी घालणारी दुरुस्ती २०१६ साली झाली. कायदा योग्यच आहे; प्रश्न एवढाच की, पोऱ्याच्या जागी शिकण्याची दुसरी कोणती वाट आपण गावात केली?

तिसरी, हक्काची. राज्य विमा योजना साधारणपणे दहा कामगारांपासून लागू होते, भविष्यनिर्वाह निधी वीसपासून. गॅरेजात माणसे दोन किंवा तीन. कायद्याच्या जाळ्याची भोके या माणसापेक्षा मोठी आहेत. २००८ साली असंघटित कामगारांसाठी कायदा झाला, २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली. नोंद झाली ही चांगली गोष्ट. पण नोंदीने म्हातारपणी चूल पेटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या किका मारून गुडघे गेलेल्या मिस्त्रीला आम्ही संघटनावाल्यांनीही फारसे विचारले नाही. आमची नजर कारखान्याच्या फाटकावर खिळलेली. फाटकासमोरच्या पत्र्याच्या शेडकडे ती वळली नाही. ही कबुली मी येथे उघडपणे देतो.

आता काळ पुन्हा पालटला आहे. १९८४-८५ पासून जपानी सहकार्याच्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या. त्या कमी पेट्रोल पीत आणि कमी बिघडत. बुलेट मागे पडली. १९९४ साली आयशर समूहाने एन्फिल्ड आपल्यात सामावून घेतली, पुढे नवे इंजिन आले, आणि बुलेटला पुन्हा भरभराट आली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. हवा स्वच्छ राहावी म्हणून हे आवश्यकच होते. धुराचा कैवार मी घेणार नाही. परंतु परिणाम असा झाला की, बिघाड काय आहे हे आता कान सांगत नाही, पडदा सांगतो. तो पडदा आणि त्याची किल्ली ज्याच्या हाती, दुरुस्ती त्याच्या हाती. गाडी मालकाच्या नावावर, पण तिचे पोट उघडण्याची मुखत्यारी दुसऱ्याची. २०२२ च्या जुलैत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्या वर्षअखेर त्यासाठी एक पोर्टलही सुरू केले. हा प्रश्न ग्राहकाचा म्हणून मांडला गेला. माझे म्हणणे आहे की तो तितकाच कामगाराचाही आहे. गिऱ्हाइकाला कोठेही दुरुस्ती करून घेण्याचा हक्क म्हणजेच मिस्त्रीला दुरुस्ती करण्याचा हक्क; एकावाचून दुसरा पांगळा.

या गावाने १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपाला वाट करून दिली. संप हा आम्हा कामगारांचा शब्द. तो पुणतांब्याच्या ग्रामसभेने शेतीला दिला आणि साऱ्या महाराष्ट्राने तो ऐकला. दूध थांबले, भाजी थांबली, तेव्हा शहराला शेतकरी आठवला. मिस्त्री असा कधी थांबलेला नाही. तो एक दिवस थांबला तर दूधवाल्याची फेरी दुपारपर्यंत अडेल आणि मळ्यातले पाणी संध्याकाळपर्यंत. पण थांबण्यासाठी एकत्र यावे लागते, आणि एकत्र येण्यासाठी आधी आपण एक आहोत हे कळावे लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे, आणि ती आपणा सर्वांनाच करता येण्याजोगी आहे. प्रत्येक गावच्या वाचनालयाने आपल्या गावातल्या जुन्या मिस्त्र्यांकडे जावे आणि त्यांचे शिक्षण कोठे झाले, कोणती यंत्रे त्यांनी उघडली, कोणत्या युक्त्या स्वतः काढल्या, कोठे हात पोळला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. औद्योगिक शाळांनी त्यांना वर्षातून चार दिवस तरी शिकवावयास बोलवावे आणि त्याचा मोबदला द्यावा. अनुभवाने मिळविलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची योजना सरकारदरबारी आहे. तिचा अर्ज भरून देण्याचे काम आम्ही संघटनेची माणसे करू. मग विद्येला कुलूप लावण्याची गरज उस्तादाला उरणार नाही आणि पोऱ्याला मान लांब करून पाहावे लागणार नाही.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठविले, अशी कथा आहे. काय लिहावे हे त्यांना सुचले नाही. मिस्त्र्यांच्या इतिहासाचे आपले पानही आजवर असेच कोरे राहिले आहे. पण आपल्याला सुचले नाही ही सबब चालणार नाही, कारण विचारावयाचा माणूस अजून त्या शेडमध्ये बसलेला आहे.